पहिला व्हिडिओ रिपोर्ट करायचाय? कांद्याच्या लिलावापासून सुरू करा

मला महिन्यातून दोन-तीन तरी मेसेज येतात, दादा व्हिडिओ न्यूज करायचीय, कॅमेरा कुठला घेऊ. बातमी कसली करणार असं विचारलं की तिकडून टायपिंग टायपिंग दिसतं आणि मग काहीच येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी नाशिक जिल्ह्यात स्ट्रिंगर आहे, म्हणजे पगारावर नसलेला, बातमीमागे पैसे मिळणारा बातमीदार, आधी खांद्यावरचा कॅमेरा होता, आता बहुतेक काम मोबाईलवरच होतं. उदाहरण म्हणून लासलगावचा कांद्याचा लिलाव घेतोय, कारण नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी तिथंच नेतो. उजेड भरपूर, आवाज भरपूर, माणसं बोलायला तयार, आणि मुख्य म्हणजे एकच गोष्ट दिवसभर ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर घडत राहते, त्यामुळे एक शॉट हुकला तर पुढच्या ट्रॉलीला परत घेता येतो. अपघात किंवा आंदोलनात ती सोय नसते. तुमच्याकडे कांदा नसेल तर गुळाचे सौदे घ्या, मासळीचा लिलाव घ्या, बैलबाजार घ्या, पद्धत तीच.

आधी बातमी, मग मोबाईल

"कांद्याचे भाव पडले" ही व्हिडिओची बातमी नाही, ती स्क्रीनच्या खाली सरकणारी पट्टी आहे. व्हिडिओसाठी कुणीतरी काहीतरी करताना दिसायला पाहिजे. "भाव पडलेत, तरी हा माणूस आज माल विकतोय, का?" हा प्रश्न घेतला की लगेच माणूस मिळतो, जागा मिळते, चित्र मिळतं. घरून निघायच्या आधी हा प्रश्न कागदावर एका ओळीत लिहा. एका ओळीत मावत नसेल तर अजून बातमी सापडलेली नाही, फक्त विषय सापडलाय.

मग थोडा गृहपाठ. बाजार समित्या रोजचा किमान, कमाल आणि सरासरी भाव जाहीर करतात, क्विंटलला. हे तिन्ही आकडे कालचे, आठवड्यापूर्वीचे आणि गेल्या वर्षी याच सुमाराचे काढून ठेवा. फक्त किमान भाव उचलून ओरडणारे रिपोर्ट फार असतात आणि तो किमान भाव बऱ्याचदा गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, किंवा भिजलेल्या मालाचा असतो, ते कुणी सांगत नाही. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांचे भाव एकमेकांशी जोडू नका, उन्हाळ चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) टिकतो, लाल टिकत नाही, शेतकरी आज विकतोय का थांबतोय याचं निम्मं उत्तर इथंच असतं.

सरकारी निर्णयांच्या तारखाही वहीत पाहिजेत. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढलं. हे कशाला पाठ करायचं? कारण बाईट देणारा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणारा माणूस चिडून म्हणतो, "निर्यातबंदी करून ठेवलीय ना त्यांनी." त्याचा राग खरा असतो पण त्या दिवशी बंदी लागू असेलच असं नाही. तुम्ही तो बाईट तसाच लावला तर चूक तुमची, त्याची नाही. एक तर त्याच क्षणी विचारा, "काका, बंदी तर उठलीय, मग आता काय अडतंय?" (याचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा चांगलं येतं) किंवा व्हीओमध्ये (चित्रांवर वाचायच्या तुमच्या निवेदनात) त्या दिवशी काय लागू आहे ते स्पष्ट सांगा.

सामान

मोबाईल आहे तो चालेल. मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. लेन्स पुसा, खरंच पुसा, खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर तेलाचा थर असतो आणि उन्हात सगळं धुक्यासारखं दिसतं. रिझोल्यूशन १०८० पुरे, फोर-केच्या मोहात पडलात तर स्टोरेज बघता बघता भरतं आणि गावातल्या नेटवर अपलोडला संध्याकाळ होते.

फ्रेम रेट २५ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईटखाली ३० वर शूट केलं की पडद्यावर पट्ट्या फिरल्यासारखं लुकलुकतं, २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं की बहुतेक वेळा जातं. मोबाईलच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, त्यात सगळं हाताने लावता येतं. एक्स्पोजर (आत येणारा उजेड) आणि फोकस लॉक करायला शिका, नाहीतर समोरून पांढरी टोपी गेली की अख्खी फ्रेम काळी होते, आणि लासलगावात पांढऱ्या टोप्यांची काय कमी.

पैसे खर्च करायचेच असतील तर माईकवर करा. वायरचा कॉलर माईक काही शे रुपयांत मिळतो, त्यावर वाऱ्यासाठी फरची टोपी लावा. वायरलेस घेतलात तर मस्तच, पण इअरफोन लावून ऐकायची सवय लावून घ्या. माझी फजिती सांगतो. एका आजींची मुलाखत घेतली, चौदा मिनिटं, काय बोलल्या होत्या त्या, सुनेपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळं. गाडीत बसून ऐकलं तर शांतता. पदराला माईक लावताना माझंच बोट म्यूटच्या बटणावर पडलं होतं. परत गेलो, हातापाया पडलो, त्या बिचाऱ्या परत बसल्याही, पण दुसऱ्यांदा दोनच वाक्यं बोलल्या आणि म्हणाल्या, सांगितलं की मघाशी. तेव्हापासून दहा सेकंदांचा ट्रायल घेऊन, ऐकून मगच प्रश्न सुरू करतो.

फ्लाईट मोड लावा. पॉवर बँक घ्या. आडवं शूट करायचं का उभं हे आधीच ठरवा, चॅनलला आडवं लागतं, रीलला उभं, आणि आडव्यातून कापून काढलेल्या उभ्या व्हिडिओत माणसाचा एक कान कायम फ्रेमबाहेर असतो. मी मुख्य काम आडवं करतो आणि पाच-सहा शॉट वेगळे उभे घेतो.

शूट: पहिली ट्रॉली नुसती बघा

हे मी ओरडून सांगतो आणि कुणी ऐकत नाही. बाजार समितीत शिरलात की मोबाईल खिशात ठेवा आणि पहिल्या दोन-तीन ट्रॉल्यांचा लिलाव फक्त बघा. ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकत जातो, कुणी ढिगात हात खुपसून आतला कांदा वर काढतो, अंगठ्याने साल सोलून बघतो, दाबून बघतो, बोली पुकारणारा आकडे चढवत नेतो, आणि बऱ्याचदा तुम्ही मोबाईल वर करेपर्यंत सौदा होऊनसुद्धा गेलेला असतो. शेतकरी कुठं उभा असतो ते बघा. बहुतेक वेळा ट्रॉलीच्या कडेला किंवा वर मालावरच, आणि तो कांद्याकडे बघत नसतो, तो बोली पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो. हे एकदा दिसलं की कुठं उभं राहायचं ते आपोआप कळतं.

आता शूट. एका ट्रॉलीला फक्त हात घ्या: सोलणारा अंगठा, वहीत आकडा टाकणारं पेन. पुढच्या ट्रॉलीला फक्त चेहरे. त्याच्या पुढच्या ट्रॉलीला उंचावर चढून अख्खी रांग. मग एखाद्या व्यापाऱ्याच्या खांद्यामागून ढिगाकडे बघणारा शॉट. मग एखादा वेगळाच अँगल, ट्रॉलीच्या फळीखालून किंवा चाकाजवळून. हात, चेहरा, अख्खं दृश्य, खांद्यावरून आणि एक वेगळा, हे पाच हातात असले की कुठलीही कृती एडिटला जुळते.

प्रत्येक शॉट दहा सेकंद, न हलवता. मनात एक ते दहा मोजा, भरभर नाही. नवीन माणूस चार सेकंदांत कंटाळतो आणि पॅन करत सुटतो, पाण्याचा पाईप धरल्यासारखा मोबाईल फिरवतो, आणि मग एडिटला बसल्यावर सलग तीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. झूम नको, दोन पावलं पुढं जा. दहा सेकंदांचा दुसरा फायदा असा की सातव्या-आठव्या सेकंदाला माणसं तुम्हाला विसरतात आणि तेव्हा कुठं खरं काहीतरी घडतं.

आवाज वेगळा घ्या. बोली पुकारण्याचा, ट्रॅक्टर सुरू होण्याचा, ट्रॉली रिकामी करताना कांदे घरंगळण्याचा, प्रत्येकी अर्धा मिनिट तरी, मध्ये स्वतः बोलायचं नाही. याला आम्ही अ‍ॅम्बियन्स म्हणतो आणि हा नसला की रिपोर्ट मेल्यासारखा वाटतो.

इथं एक धोका आहे. मी सांगितलं तसं वेगवेगळ्या ट्रॉल्यांचे तुकडे घेतले की एडिटमध्ये असं होऊ शकतं की बोली रामभाऊच्या कांद्याची आणि पडलेला चेहरा शामरावाचा, आणि शामरावाला त्या दिवशी चांगला भाव मिळालेला. बघणाऱ्याला कळणार नाही पण ते खोटं आहे. साधा वातावरणाचा कट असेल तर ठीक, पण एखादा आकडा ऐकू येतोय आणि लगेच एखाद्याची प्रतिक्रिया दिसतेय, तर तो माणूस, तो माल आणि तो आकडा एकच पाहिजे. त्यासाठी एक ट्रॉली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच शॉटमध्ये, न थांबता घेऊन ठेवा. तीच तुमच्या रिपोर्टचा कणा होते.

बाईट

"काय वाटतंय तुम्हाला?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला "परवडत नाही ओ" हेच उत्तर येणार, आणि ते तुमच्याआधी पन्नास रिपोर्टर घेऊन गेलेत. आकड्यात आणि कृतीत विचारा. किती क्विंटल आणला? गाडीभाडं किती पडलं? काढणीला बाया किती लावल्या, रोज काय दिला? मागच्या वेळी काय भावाने गेला होता? घरी चाळीत अजून किती आहे?

एकदा एका दादांना मी गाडीभाडं विचारलं तर ते बोललेच नाहीत, त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून हिशोबपट्टी काढली, चार घड्या घातलेली, आणि एकेका ओळीवर नख ठेवत गेले, हे वजन, ही हमाली, ही तोलाई, हे हातात आलेले. शेवटच्या आकड्यावर नख थांबलं आणि ते वर बघायला लागले, माझ्याकडे नाही, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडे, कारण त्याचं भाडं द्यायचं होतं. मी घाईत पुढचा प्रश्न विचारला असता तर ते वर बघणं गेलं असतं. उत्तर संपलं असं वाटलं की तीन सेकंद गप्प बसा. माणसं शांतता भरून काढायला जे बोलतात तेच बऱ्याचदा वापरलं जातं.

बाकी तांत्रिक गोष्टी पटापट: मोबाईल समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, तुम्ही लेन्सच्या अगदी शेजारी उभे राहा आणि त्यांना तुमच्याकडे बघून बोलायला सांगा. ऊन त्यांच्या पाठीशी नको. पहिल्या बाईटमध्ये माणूस फ्रेमच्या डावीकडे उभा असेल तर पुढचा उजवीकडे घ्या. "हो हो, बरोबर" असं तोंडाने म्हणू नका, नुसती मान हलवा, नाहीतर तुमचं हो हो अख्ख्या बाईटभर वाजतं. नाव, गाव, तालुका कॅमेऱ्यावरच बोलून घ्या आणि हे कुठं दाखवणार आहात ते आधी सांगा. कुणी नंतर म्हणालं, माझं नको लावू, व्यापारी परत माल घेणार नाही, तर नका लावू, त्याला उद्या परत तिथंच यायचंय, तुम्हाला नाही.

व्यापाऱ्याचा बाईटही घ्या, आणि बाजार समितीच्या सचिवांचा किंवा सभापतींचा. व्यापारी म्हणजे व्हिलन असं धरून गेलात तर तो दोन शब्द बोलून निघून जाईल. त्याला विचारा की हा माल पुढं कुठं जातो, वाटेत किती सडतो, आज इतर राज्यांतून किती आलाय. कित्येकदा भाव पडण्याचं कारण तिथं सापडतं.

लिहिणं

अडीच मिनिटांचा रिपोर्ट म्हणजे दीडशे सेकंद. तीन बाईट पंधरा-पंधरा सेकंदांचे, पंचवीसेक सेकंद नुसता बाजाराचा आवाज, मग व्हीओला उरले ऐंशी सेकंद. नीट वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे फक्त एकशे साठ शब्द. नवीन पोरं चारशे लिहून आणतात आणि मग एक्स्प्रेससारखं वाचतात.

जे दिसतंय ते सांगू नका. "या ठिकाणी आपण पाहू शकता की ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या आहेत", अहो दिसतायत ना रांगा, त्या का लागल्यात ते सांगा. "कुठेतरी", "या ठिकाणी", "बळीराजा हवालदिल" हे शब्द आधी खोडा. आणि कांद्याने डोळ्यात पाणी आणलं हे वाक्य तर माझ्या माहितीतल्या प्रत्येकाने एकदा तरी लिहिलंय, मीही लिहिलंय, आता पुरे.

सुरुवात सगळ्यात जिवंत आवाजाने करा, बोली पुकारण्याचे चार सेकंद, व्हीओ नंतर. पीटीसी (स्वतः कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा तुकडा) घ्यायचीच असेल तर ज्याचं चित्र नाही ते तिथं सांगा, निर्यातीच्या निर्णयाच्या तारखा वगैरे. ढिगावर बसून हातात कांदा घेऊन पीटीसी नको, प्लीज.

व्हीओ घरी गोधडी डोक्यावर घेऊन किंवा काच लावलेल्या गाडीत रेकॉर्ड करा. स्टुडिओ लागत नाही.

एडिट

मोबाईलवर काइनमास्टर, कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन, दोन्ही भरपूर आहेत. आधी नुसत्या आवाजाची ओळ लावा: अ‍ॅम्बियन्स, व्हीओ, बाईट, व्हीओ, बाईट. डोळे मिटून ऐका, गोष्ट कळतेय का? कळत असेल तर मग वर शॉट टाका. उलटं केलंत, म्हणजे आधी छान छान शॉट लावले, तर गाणं तयार होतं, बातमी नाही. शोकाकुल बासरी किंवा दणदण म्युझिक टाकायची गरज नाही, बाजाराचा आवाज आहे ना.

नावाची पट्टी, म्हणजे अ‍ॅस्टन, टाकताना देवनागरी तपासा. काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि "निर्यात"चं भलतंच काहीतरी दिसतं. मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि नीट चालतात. सबटायटल द्या, मोबाईलवर बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात.

पाठवण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला "कांदा रस्त्यावर फेकला" छाप व्हिडिओ आपल्या रिपोर्टमध्ये टाकायचा मोह होतो. आधी बघा: गाड्यांच्या नंबर प्लेट कुठल्या (नाशिकची एमएच १५, मालेगावची एमएच ४१), दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत, कपडे आणि पाऊसपाणी आजच्या दिवसाचं आहे का. दोन-तीन फ्रेमचे स्क्रीनशॉट काढून इमेज सर्चला टाका, कितीतरी वेळा तोच व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा निघतो. मूळ शूट करणारा सापडला नाही तर वापरू नका.

कायद्याचं थोडक्यात पण हे चुकवू नका. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नाही, घराचं दार, शाळेचा गणवेश, आईचा चेहरा हेही आलं. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत व्हिडिओवर निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ची बंदी आहे, यूट्यूब चॅनल चालवणाऱ्यांना वाटतं हे आपल्याला लागू नाही, तसं समजू नका. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे नियम वाचा आणि झोनचा नकाशा बघा, आमच्याकडे ओझरला विमानतळ आणि देवळालीला लष्कर, कुठूनही उडवला असं चालत नाही. छोटा २५० ग्रॅमच्या आतला असला तरी रेड झोनमध्ये परवानगीशिवाय नाहीच.

डेस्कला, म्हणजे ऑफिसातल्या संपादकांना, फाईल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर क्वालिटीची वाट लागते. फाईलला तारीख, गाव, स्लग (बातमीचं छोटं नाव) असं नाव द्या, बाईटची नावं ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने लिहा. रॉ फुटेज दोन ठिकाणी ठेवा आणि बातमी लागली म्हणून लगेच उडवू नका, सहा महिन्यांनी भाव परत पडले किंवा चढले की तेच दादा, तीच हिशोबपट्टी परत लागते.

सरावासाठी बघायचं असेल तर "खबर लहरिया"चं काम बघा, बुंदेलखंडातल्या बायकांनी २००२ मध्ये छापील पेपर म्हणून सुरू केलेलं, नंतर मोबाईल घेऊन व्हिडिओवर आलेलं. त्या किती वेळ एका माणसासोबत चालत राहतात ते मुद्दाम बघा.

पहिल्या दिवशी पूर्ण रिपोर्ट करायला जाऊ नका. बारा शॉट, एक बाईट आणि एक अख्खी ट्रॉली, एवढंच घेऊन या, आणि व्हीओ न लावता ते दीड मिनिटात जोडून घरातल्या कुणालातरी दाखवा. काय चाललंय ते त्यांना न सांगता कळलं तर पुढच्या आठवड्यात व्हीओ लिहायला घ्या.

आणि हो, निघायच्या आदल्या दिवशी बाजार समितीत फोन करून उद्या लिलाव आहे का ते विचारा. मी एकदा पहाटे साडेपाचला निघून सत्तर किलोमीटर गेलो होतो आणि गेटवर फक्त वॉचमन आणि दोन कुत्री होती.